दोन माणसांची गाडी

आमच्या अप्पांना राग येतो हे वेस्ट मांबलममधल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. लोकांचा राग नाकावर असतो, अप्पांचा हातात होता. बंदराजवळच्या एका इंग्रज कंपनीत ते बऱ्या हुद्द्यावर होते. तिथे दिवसभर साहेबासमोर मऊ आवाजात ‘येस सर’ म्हणायचे, संध्याकाळी मांबलम स्टेशनवर उतरायचे, आणि मग वड्याचं तेल वांग्यावर निघायचं. वांगी आम्ही तिघी. अम्मा, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेली धाकटी. ताट भिरकावलं जायचं, कमरेचा पट्टा निघायचा, दारामागची वेताची छडी निघायची. शेजारच्या मामी भल्या बाई होत्या. आमच्याकडे सुरू झालं की त्या रेडिओ मोठा करायच्या, म्हणजे त्यांना काही ऐकू येत नाही असं आम्हाला वाटावं. कुठे कर्नाटक संगीत लागलं की अजूनही माझी पाठ ताठ होते.

हे मी लिहिते आहे ते पुण्यात कमावलेल्या मराठीत. लग्न होऊन इकडे आले तेव्हा सासरची माणसं माझ्या बोलण्याला हसायची. आमचं घरचं मराठी तंजावरचं, कधी काळी पूर्वजांनी गाठोड्यात बांधून नेलेलं आणि तसंच जपलेलं, वर तमिळची फोडणी. गाडीला आम्ही वंडी म्हणायचो. हसणाऱ्यांचा मला तेव्हा इतका संताप यायचा की हातातलं भांडं फेकावंसं वाटे. एकदा फेकलंही.

तर वंडी. साठ सालाच्या आसपास कंपनीतले गोरे साहेब एकेक करून मायदेशी निघाले. अप्पांचा साहेब निघाला तेव्हा त्याची गाडी अप्पांनी घेतली. हिरवी, बुटकी, लांब नाकाची, वर कॅनव्हासचा टप, आणि बसायला जागा दोनच. मागे एक ट्रंक मावली तर मावली. चार माणसांच्या घरात दोन माणसांची गाडी. गल्लीतल्या लोकांनी तोंडावर कौतुक केलं आणि पाठीमागे विचारलं, हा मनुष्य पोरींना काय डोक्यावर घेऊन फिरणार? अप्पांना त्याचं काही नव्हतं. ते रविवारी स्वतःच्या हातानं ती पुसायचे, आणि आमच्यापैकी कुणी बॉनेटला बोट लावलं तर त्या बोटावर फटका बसायचा.

पण गाडी आली आणि घरातला मार थांबला. खरंच थांबला. अप्पांचा आवाज चढू लागला की एका ठरावीक टप्प्यावर ते गप्प व्हायचे आणि खिळ्यावरची किल्ली घ्यायचे. ‘अगे, चल. बैस वंडींत.’ अम्मा हातातलं काम तसंच ठेवून, ओले हात पदराला पुसत खाली जायची. गाडीचा आवाज रेल्वेच्या फाटकापाशी थोडा थांबायचा आणि मग नाहीसा व्हायचा. तास-दीड तासानं दोघं परत यायची. अप्पा खुशीत असायचे, भूक लागली म्हणायचे, धाकटीला जवळ घेऊन इंग्रजी स्पेलिंगं विचारायचे. अम्मा सरळ न्हाणीघरात जायची आणि बराच वेळ पाण्याचा आवाज यायचा. आम्हाला वाटायचं, मोकळ्या टपाची गाडी, वाऱ्यानं धूळ बसत असेल.

दीड वर्ष असं चाललं. मी देवासमोर हात जोडून त्या गाडीला आयुष्य मागत असे. गाडीनं अप्पांना बरं केलं अशी माझी पक्की समजूत होती. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची, म्हणजे काही कुक्कुलं बाळ नव्हते. अम्मा अग्निनक्षत्राच्या उन्हात, मद्रासचा डांबरी रस्ता चपलेला चिकटतो त्या दिवसांत, मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायची. एका हातात पाच बांगड्या आणि दुसऱ्यात दोन, असं बऱ्याचदा असायचं. हे सगळं मला दिसत होतं. बघायचं नव्हतं म्हणून मी बघितलं नाही, दुसरं काय.

गाडी मोडली ती एका जुलैत, रविवारी दुपारी. कशी मोडली ते अम्मानं मला पुढे अनेक वर्षांत तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मीनंबाक्कम सोडून ती दोघं तांबरमकडे निघाली होती. पुढे सुरूचे वासे भरलेली बैलगाडी चालली होती. त्या भागात घर बांधायचं म्हटलं की सुरूचे वासे लागतात. ते गाडीत मावत नाहीत, पाठीमागे दहा-बारा फूट बाहेर येतात, म्हणून गाडीवान टोकांना लाल फडकं बांधतो. फडकं बांधलेलं होतं. अप्पांचा उजवा हात स्टिअरिंगवर होता आणि डाव्या हातानं त्यांनी अम्माचा दंड पिरगाळून धरला होता. तोंड तिच्याकडे होतं. वासे कधी आले ते दोघांनाही कळलं नाही. एक वासा पुढचा दिवा फोडून मडगार्ड उभं फाडत गेला. दुसरा काचेतून शिरून अम्माच्या खांद्यावर बसला आणि तिथलं हाड मोडलं.

अप्पा उतरले. अम्माकडे त्यांनी पाहिलं नाही. मागून गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल काढलं आणि गाडीवानाला वेष्टीला, म्हणजे धोतराला धरून खाली ओढलं. तो म्हातारा होता, केस पांढरे, खांद्यावर नुसता टॉवेल. अप्पांनी त्याला आधी गुडघ्यांवर मारलं, पडल्यावर पाठीवर मारलं, त्यानं हात आडवे धरले तेव्हा हातांवर मारलं. तो किंचाळत नव्हता. दर तडाख्याला ‘सामी, सामी’, मालक, मालक, एवढंच म्हणत होता. बैल बिथरून गाडीसकट शेतात उतरले. माणसं जमली, पण पँट घातलेला, इंग्रजीत ओरडणारा मनुष्य बघून कुणी पुढे झालं नाही. पोलीस आला, त्यानं अप्पांना सलाम केला आणि म्हाताऱ्याला अप्पांच्या पाया पडायला लावलं. त्याला वाकता येत नव्हतं, त्याला दोघांनी वाकवलं.

अम्मा हे सगळं फुटलेल्या काचेतून बघत होती. ती मला म्हणाली, ‘आणि मज बरें वाटलें गे. आजचें त्याजवर गेलें, म्हणून.’ हे सांगताना ती भाजी निवडत होती आणि तिनं मान वर केली नाही.

गाडी गॅरेजात गेली, अम्माचा हात गळ्यात बांधला गेला, आणि राग घरी परत आला. दीड वर्षाची उधारी असावी तसा आला. स्वयंपाक माझ्यावर पडला होता. एका सकाळी सांबारात मीठ घालायचं राहिलं. अप्पांनी पहिला घास तोंडात घातला, उठले, आणि मी वाढायला वाकले होते तेव्हा माझ्याच हातातली पळी हिसकावून माझ्या डाव्या कानावर घातली. कानात शिट्टी वाजायला लागली आणि ती चार दिवस वाजत राहिली. पाचव्या दिवशी थांबली, आणि त्या बाजूनं ऐकू येणंही जवळजवळ थांबलं. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी धाकटी कशाला तरी हसली म्हणून तिला ढकललं. ती उंबऱ्यावर तोंडघशी पडली आणि तिचा पुढचा दात पडला. दुधाचा नव्हता. मामींचा रेडिओ आता सकाळीही वाजायला लागला. मला अप्पांचा जीव घ्यावासा वाटायचा, आणि हे मी आता वयोमानानं मवाळ करून सांगणार नाही.

गॅरेजवाला पेरंबूरकडचा एक अँग्लो-इंडियन होता. त्यानं गाडी चालेल इतकी केली, फाटलेलं मडगार्ड तारेनं आवळलं, नवी काच बसवली आणि सांगितलं की बाकीचे भाग विलायतेहून यायला हवेत, ते कधी येतील ते देवालाच माहीत. तारेनं बांधलेल्या गाडीतून मिरवणं अप्पांना नको होतं, म्हणून ती आमच्या दाराशी नुसती उभी असायची. मग त्यानं तोड काढली. त्याच्याकडे चार दारांची एक गाडी होती, आपल्याकडेच बनलेली, राखाडी, फारशी न वापरलेली. मोडक्या गाडीच्या बदल्यात तो ती द्यायला तयार होता. शर्यतीच्या गाड्यांचे शौकीन त्याला माहीत होते, त्यांच्यासाठी ही हिरवी दुरुस्त करण्यात त्याला रस होता.

अप्पांचं घोडं इथे पेंड खात होतं. हिरवी गाडी हे त्यांचं साहेबपण होतं. राखाडी गाडी ही मारवाड्याची, डॉक्टरची, पोरंबाळं भरून तिरुपतीला जाणाऱ्यांची. आज बदलू म्हणायचे, उद्या नको म्हणायचे, आणि दोन्ही वेळा चिडायचे. एका शनिवारी गॅरेजवाला ती राखाडी गाडी दाखवायला आमच्या गल्लीत घेऊन आला. धाकटी मागच्या सीटवर चढली आणि स्प्रिंगवर उड्या मारायला लागली. मीही आत बसले. नव्या रेक्झिनचा वास होता. मला वाटलं, आता आम्हीही अप्पांबरोबर समुद्रावर जाऊ, शाळेत गाडीतून उतरू, आणि गाडी आली की अप्पा पुन्हा बरे होतील. अम्मा जिन्याच्या खालच्या पायरीवर हात गळ्यात बांधून उभी होती. अप्पांनी तिला विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली, ही नको. जुनीच नीट करून घ्या.

अप्पांना आश्चर्य वाटलं, कारण अम्मा कधी मत देत नसे. मला नुसता संताप आला. वर गेल्यावर मी तिला वाट्टेल ते बोलले. तुला एकटीला मिरवायला हवं, म्हणाले. आम्ही मागे बसलो तर तुझं काय जातं, नवऱ्याशेजारची राणी तू, आम्ही नकोच आहोत तुला. माझा कान फुटला आणि हिचा दात गेला तरी तुला तुझ्या सैरांची पडली आहे. मी तिच्या गळ्यातल्या झोळीला हिसका दिला की नुसता हात लावला हे मला आता नक्की आठवत नाही. ती कळवळली एवढं आठवतं.

ती खाली बसली. म्हणाली, ‘त्या वंडींत मागें जागा आहे. तुम्ही दोघी त्यांत मावतां.’

मला पहिल्यांदा अर्थ लागला नाही. मग तिनं पोलक्याची बाही वर सरकवली. दंडावर जुने आणि नवे असे डाग होते, एक गोल आणि काळपट, सिगारेटचा. अप्पा घरी सिगारेट ओढत नसत, गाडीत ओढत. ती सांगत गेली ते असं. इथे भिंतीला भिंत आहे, मामी आहेत, म्हणून ते हात आवरता घेतात. तिकडे रस्त्यावर कुणी नसतं. पण तिकडे ती एकटी असते आणि तेवढ्यावर भागतं. घरी आल्यावर त्यांच्यात काही उरलेलं नसतं. ही दोन माणसांची गाडी आहे म्हणूनच तुम्ही दोघी दीड वर्ष धड राहिलात. त्या दुसऱ्या गाडीत आपण आगीतून फुफाट्यात जाऊ, आणि तुम्हीही बरोबर असाल.

पुस्तकात असती तर ती पोर आईच्या गळ्यात पडून रडली असती. मला आधी काय वाटलं ते सांगते. मला हायसं वाटलं. दीड वर्ष तो मार तिनं खाल्ला, मी नाही, हे कळून मला आत कुठेतरी बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची किळसही आली. मग मला तिचाही राग आला. हिनं एवढं सगळं ठरवलं, मोजलं, आणि एकदाही त्या माणसाच्या अंगावर जाऊन पडली नाही.

नवरात्र आलं. आमच्याकडे तमिळ घरांसारखा गोलू असायचा, पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या, आणि संध्याकाळी सुंडल, म्हणजे कडधान्याची उसळ, खायला येणाऱ्या बायका. नवमीला मात्र आम्ही तिथलं आणि आपलं एक करायचो. तिथल्यांची आयुधपूजा, आमची खंडेनवमी. पोरांची पुस्तकं, शिवणाचं यंत्र, विळी, हातोडी, गाडी, सगळ्याला गंध-कुंकू लागायचं. आणि एकदा पूजा झाली की दशमीला सकाळी दुसरी पूजा होईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. पुस्तक उघडायचं नाही, सुई ओवायची नाही. पोरांना हा दिवस फार आवडायचा. आमच्या पूजेत एक तलवारही असायची, म्यान नसलेली, गंजलेली, धार कधीच गेलेली. आमचे पूर्वज दरबारात कारकून होते, त्यांच्याकडे तलवार कुठून आली देव जाणे, पण अप्पा तिचा फार अभिमान धरायचे. अप्पा क्लबात जाऊन अंडी खात, साहेबाबरोबर ग्लासही लावत, पण कुलदेवीला भ्यायचे. नवमीच्या पूजेतली वस्तू त्यांनी कधी उचललेली नव्हती.

अम्मानं हे बरोबर हेरलं होतं. दरवर्षी ती पूजेत घरातली छडी ठेवायची. पट्टा ठेवायची. लाटणं, छत्री, पळी, दाराचा अडसर, जे जे म्हणून हातात धरून मारता येतं ते सगळं ओळीनं मांडून त्याला कुंकू लावायची. मामी हसायच्या, तुमच्या मराठ्यांच्या घरी देव फारच, म्हणायच्या. गाडी येण्याआधी वर्षातला तेवढा एक दिवस आमच्या घरी शांतता असायची.

त्या वर्षी नवमीला सकाळीच अप्पा पेरंबूरला जाऊन आले. अखेर त्यांनी ठरवलं होतं. गॅरेजवाला म्हणाला होता, उद्या दुसरं गिऱ्हाईक ती राखाडी गाडी बघायला येणार आहे, तुम्हाला हवी असेल तर आज चारपर्यंत हिरवी घेऊन या. त्याला नवमीचं काही नव्हतं, तो चर्चला जाणारा मनुष्य. अप्पा बारा वाजता गल्लीत शिरले. रस्त्यावर सगळीकडे फोडलेले कोहळे, त्यातलं कुंकू पाण्यात वाहून लाल चिखल झालेला. आणि आमच्या दाराशी हिरव्या गाडीच्या लांब नाकावर चंदनाची बोटं, तारेनं बांधलेल्या मडगार्डला कुंकू, चाकाखाली लिंबं, आणि दाराच्या मुठीवर शेवंतीचा हार. अम्मानं दरसालची संध्याकाळची पूजा त्या दिवशी अकरालाच उरकली होती.

ते वर आले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. म्हणाले, ‘वंडी सोडव पूजेंतून. आतांच.’

अम्मा म्हणाली, ‘उद्यां. दशमीस.’

अप्पा खाली गेले. मी गॅलरीतून बघत होते. त्यांनी गाडीच्या दाराकडे हात नेला, हाराला बोट लागलं तसा मागे घेतला, पुन्हा नेला, पुन्हा घेतला. मोठा हुद्देदार मनुष्य भर रस्त्यात आपल्याच गाडीला हात लावायला भीत होता आणि समोरच्या दुकानातली माणसं ते बघत होती. मला हसू आलं. ते वर आले तेव्हा मला कळलं की आता हे हसण्यावर जाणार नाही. त्यांनी दारामागे पाहिलं, तिथे छडी नव्हती. खुंटीवर पट्टा नव्हता. गोलूच्या पायऱ्यांसमोर सगळं ओळीनं मांडलेलं होतं, प्रत्येकावर एक फूल. ते त्या ओळीपुढे क्षणभर उभे राहिले. अम्मा दोन पावलं मागे झाली. तिला वाटलं होतं, तिनं सगळं मांडलं आहे.

हात काही पूजेत नव्हता. त्यांनी तिला केसांना धरलं आणि मोडलेल्या खांद्यावर मूठ मारली, नेमकी तिथेच. ती खाली बसली तर तिला उठवून पुन्हा तिथेच मारली. तिच्या तोंडातून आवाज निघाला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. धाकटी पायऱ्यांच्या मागे शिरली आणि वरच्या बाहुल्या खाली पडून फुटायला लागल्या. शेजारी रेडिओ सुरू झाला. मी तलवार उचलली. तिच्यावरचं फूल माझ्या पायावर पडलं. अप्पांचा हात तिसऱ्यांदा वर गेला होता आणि मी त्या हातावर दोन्ही हातांनी मारलं, मोगरीनं कपडे बडवतात तसं, सगळ्या अंगाचा भार देऊन. कोपराच्या खाली हाड मोडलं. तो आवाज मला नीट ऐकू आला.

ते बाहुल्यांच्या तुकड्यांत बसले, हात छातीशी धरून. त्यांच्या तोंडावर रागाचा पत्ता नव्हता. ते माझ्याकडे बघत होते आणि भ्याले होते. मला इतकं छान वाटलं. इतकं छान मला आयुष्यात पुन्हा फार थोड्या वेळा वाटलं आहे. मी तलवार पुन्हा वर नेली, या वेळी डोक्यावर मारायला.

अम्मा मध्ये आली. ती कशी उठली कोण जाणे. तिनं चांगल्या हातानं माझ्या थोबाडीत दिली. तिनं मला मारलेलं ते पहिलंच आणि शेवटचं. माझ्या हातातून तलवार पडली.

‘पोदुम,’ ती म्हणाली, पुरे. ‘एक बस्स होता. दुसरा कशास?’

मी म्हणाले, ते तुला मारत होते. ती म्हणाली, तेव्हा मारत होते. दुसऱ्या वेळी ते बसले होते. मी पहिला घाव तिच्यासाठी घातला होता. दुसरा मला घालायचा होता.

अप्पा स्टुलावरून गोलूचा दिवा लावताना पडले, असं सगळ्यांना सांगितलं. हाडवैद्यानं हात बांधला. तो दोन महिने बांधलेला राहिला आणि पुढे जरा वाकडाच जुळला. त्या दोन महिन्यांत घरात कुणी कुणाला मारलं नाही. हात मोडला म्हणून, असं मला आधी वाटलं, पण डावा हात धड होता. मी खोलीत शिरले की अप्पा बोलता बोलता थांबायचे. मी विळीवर भाजी चिरत असले तर पाणी मागायलाही माझ्या मागून येत नसत, समोरून येत. मला ते आवडत होतं. मी मुद्दाम भांडी आपटत असे.

दुसरं गिऱ्हाईक आलंच नाही. डिसेंबरात गॅरेजवाल्यानं पुन्हा निरोप पाठवला, की राखाडी गाडी अजून आहे. अप्पांनी तो निरोप जेवताना सांगितला. मग त्यांनी अम्माकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि साहेबासमोर काढत असावेत त्या मऊ आवाजात विचारलं, बदलायची का गाडी? मी म्हणाले, बदला. अम्मा वाढत होती. तिनं या खेपेला नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही, धाकटीच्या पानात भात वाढला.

गाडी आली त्या रविवारी आम्ही चौघं अड्यारकडे समुद्रावर निघालो. मी मागचं दार उघडलं. अम्मानं ते माझ्या हातातून घेऊन मला पुढे, अप्पांच्या शेजारी बसायला सांगितलं. मला अभिमान वाटला. दीड वर्ष ती जिथे बसली तिथे आता मी बसणार होते आणि अप्पांना काही करायची छाती होणार नव्हती. ते खरंही झालं. फाटकापाशी गाडी उभी असताना त्यांनी मला विचारलं, वारा लागतो आहे का, काच वर करू का? मी नको म्हणाले आणि हे मागच्यांनी ऐकलं का ते बघायला वळले.

धाकटीला तिनं अप्पांच्या पाठीमागे बसवलं होतं, माझ्यापासून लांबच्या दाराशी. स्वतः मध्ये बसली होती, बरा हात धाकटीपुढे आडवा धरून. अप्पांकडे तिचं लक्ष नव्हतं. ती माझ्या हातांकडे बघत होती, वर्षानुवर्षं त्यांच्या हातांकडे बघायची तशी. मी ते मांडीखाली घेतले.